परक्या ओसरीवरचे बिऱ्हाड

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि महाराष्ट्रात आनंदाला उधाण आले. तो आनंद रास्तच होता. दीर्घ प्रतीक्षेनंतर मराठीच्या प्राचीनतेवर आणि समृद्धीवर राजमान्यतेची मोहोर उमटली होती. परंतु त्या दिवशी मराठी माणसाने हा आनंद नेमका कोठे साजरा केला, हा प्रश्न कोणालाच सुचला नाही. अभिनंदनाचे संदेश, संतांच्या प्रतिमा, पेढे वाटतानाची छायाचित्रे, अभिमानाने ओथंबलेले लेख हे सारे कॅलिफोर्नियातील दोन-तीन कंपन्यांच्या आवारात मांडले गेले. फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब ही त्या आवारांची नावे. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीला स्वतःचा उत्सव करण्यासाठी स्वतःचे अंगण नव्हते. दुसऱ्याच्या ओसरीवर बिऱ्हाड टाकायचे आणि घरधन्याने हाकलेपर्यंत ती ओसरी आपलीच समजायची, अशी ही अवस्था आहे.

ही ओसरी फुकट आहे आणि सोयीची आहे, एवढ्यावर समाधान मानणारे पुष्कळ आहेत. समाधान मानण्यापूर्वी त्यांनी थोडा इतिहास आठवावा.

शिळाछापाचा धडा

मुंबईत मुद्रणकला रुजली त्या काळी मराठी मजकूर छापण्याची साधने सरकारच्या आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हाती होती. यंत्र त्यांचे, कागद त्यांचा, टंक त्यांचे. म्हणून काय छापावे, हा निर्णयही त्यांचाच. अशा वेळी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचे यंत्र उभे केले. लाकडी यंत्र घडवले, दगडावर प्रयोग केले, शाई तयार केली आणि १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. पुढे जावजी दादाजी या मिशनच्याच छापखान्यात उमेदवारी केलेल्या कारागिराने १८६४ मध्ये टंकांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरच्या देवनागरी टंकांनी संस्कृत आणि मराठी ग्रंथांना जे देखणेपण दिले, त्याचा लौकिक देशभर पसरला.

या दोघांपैकी कोणीही धनाढ्य नव्हता. कोणाच्याही पाठीशी सरकार उभे नव्हते. दोघांनीही तंत्र परक्याकडून शिकले, आणि त्यात कमीपणा नव्हता. शिकलेले तंत्र त्यांनी स्वतःच्या हातात घेतले, हे त्यांचे मोठेपण. मुद्रण मराठी झाले ते मराठी मजकूर छापला गेला म्हणून नव्हे. मराठी कारागिराच्या हातात खिळे आले, तेव्हा ते मराठी झाले. मिशनच्या छापखान्यात फुकट छापून मिळते, मग स्वतःचा खटाटोप कशाला, असा विचार त्या पिढीने केला असता तर एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रबोधनाचा इतिहास वेगळाच लिहावा लागला असता.

मराठी संगणकावर कोणी आणली?

दीडशे वर्षांनंतर हेच नाट्य संगणकाच्या पडद्यावर पुन्हा घडले. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरवण्याचे काम शासकीय संस्थांनी केले, पुण्याच्या सी-डॅकने त्यात मोलाची भर घातली, आणि त्यातूनच युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आकाराला आली. हा पाया होता. पण पाया घातला म्हणजे घर राहण्याजोगे होत नाही. सामान्य माणसाच्या घरच्या संगणकावर, इंग्रजी अक्षरांच्या कळफलकावरून, कोणतेही प्रशिक्षण न घेता मराठी उमटावी, ही सोय एकट्या-दुकट्या माणसांनी केली.

शेषाद्रिवासु चंद्रशेखरन या कन्नडभाषी अभियंत्याने १९९८ मध्ये ‘बरह’ ही प्रणाली लोकांसमोर ठेवली. कन्नड भाषेत बरह म्हणजे लेखन. कन्नडसाठी सुरू झालेल्या या कामाचा लाभ पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांना झाला. अमेरिकेत, युरोपात, आखातात नोकरीसाठी गेलेल्या कित्येक मराठी माणसांनी संगणकावर पहिले मराठी पत्र लिहिले ते बरहच्या आधाराने. ‘गमभन’ने तर संकेतस्थळावरच्या चौकटीत थेट मराठी टंकण्याची सोय करून दिली. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ मध्ये, म्हणजे गूगल कंपनीच्या स्थापनेच्याही दोन वर्षे आधी, परदेशस्थ मराठी माणसाने सुरू केले. आजही मुंबईतील ‘एक टाइप’ हा अक्षररचनाकारांचा छोटा गट ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे देवनागरी टंक घडवतो आणि ते कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

अशा प्रत्येक कामामागे एखादा माणूस किंवा चार माणसांचा गट होता. महामंडळ नव्हते आणि भांडवलदारही नव्हता. कोणताही नफेखोर हिशेब या कामाला उत्तेजन देत नव्हता, कारण मराठीत बाजारपेठ आहे, हे मोठ्या कंपन्यांना पुष्कळ उशिरा उमगले. ज्यांना आधी उमगले, त्यांना बाजारपेठ दिसली नव्हती. त्यांना भाषा दिसली होती.

या माणसांना मराठी समाजाने काय दिले? उत्तर लाजिरवाणे आहे. शहरोशहरी डीटीपीच्या दुकानांत मराठी फॉण्ट चोरून वापरले गेले. हजारो रुपयांचा संगणक आणि छपाईयंत्र रोख पैसे मोजून घ्यायचे, आणि ज्याच्यावाचून ते यंत्र मराठीत मुके राहिले असते, तो फॉण्ट मात्र मित्राकडून सीडीवर उतरवून आणायचा, ही रीत होती. ते कोणाला चोरी वाटलेच नाही. देवळातली चप्पल नेणारा चोर, आणि अक्षरकाराच्या अनेक वर्षांच्या मेहनतीवर डल्ला मारणारा हुशार! या हुशारीचे फळ असे की अनेक चांगली कामे अर्धवट राहिली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत परदेशी कंपन्या ‘मोफत’ची पाटी घेऊन दाखल झाल्या.

मोफत या शब्दाचा अर्थ

३० एप्रिल १९९३ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेने वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र कोणतेही मूल्य न घेता साऱ्या जगाला खुले केले. त्याचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या कल्पनेतील महाजालाला मालक नव्हता. ज्याला वाटेल त्याने आपले पान मांडावे, दुसऱ्याच्या पानाकडे दुवा द्यावा आणि अशा असंख्य हातांनी विणलेले जाळे पसरत जावे, ही ती योजना. पहिल्या दशकात ते बऱ्याच अंशी तसे होतेही. शिक्षकाने आपल्या टिपणांचे पान केले, निवृत्त अधिकाऱ्याने गावाच्या इतिहासाचे, कोणी गडकिल्ल्यांच्या वाटांचे.

मग या पानांना फुकट जागा देणारे यजमान आले. १९९९ मध्ये याहूने ‘जिओसिटीज’ ही अशीच पानांची वसाहत सुमारे साडेतीन अब्ज डॉलर मोजून विकत घेतली. २६ ऑक्टोबर २००९ रोजी तिला कुलूप लागले आणि सामान्य माणसांनी हाताने रचलेली कोट्यवधी पाने एका निर्णयासरशी दिसेनाशी झाली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यातला मोठा हिस्सा उतरवून ठेवला म्हणून आज त्याचे अवशेष तरी पाहता येतात. भारतात घराघरांत पोहोचलेले ‘ऑर्कुट’ गूगलने २००४ मध्ये सुरू केले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद केले. त्यावर मराठी मंडळींनी कवितेपासून दुर्गभ्रमणापर्यंत किती समुदाय चालवले होते! सार्वजनिक चर्चांचा संग्रह काही वर्षे ठेवला गेला, पुढे तोही काढला. नाशिकच्या एखाद्या वाचनालयात शंभर वर्षांपूर्वीचे मासिक आजही हाती लागते. ऑर्कुटवर रंगलेला मराठी वाद मात्र कायमचा गेला.

यात कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. तिचा तो व्यवहार होता. परवडेनासा झाला, तिने दुकान आवरले. दोष द्यायचा तर ज्या समाजाने आपली स्मृती दुसऱ्याच्या दुकानात ठेवली, त्या समाजाला द्यावा लागेल.

फाटकावरचा पहारेकरी

वाचक भाडेकरू झाला, तसा कारागीरही झाला. मोबाइल आल्यापासून लहान सॉफ्टवेअर रचनाकाराला आपला माल थेट ग्राहकाच्या हाती देणे दुरापास्त झाले. मधे फाटक आले आणि फाटकावर दोनच पहारेकरी: अॅपल आणि गूगल. विक्रीच्या रकमेतून दीर्घकाळ ३० टक्के हिस्सा हे पहारेकरी घेत असत. २०२१ पासून लहान विक्रेत्यांसाठी तो १५ टक्क्यांवर आला, तोही जगभर ओरड झाल्यावर. भारताच्या स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी प्ले स्टोअरमधील बळजबरीच्या देयकपद्धतीबद्दल गूगलला ९३६ कोटींहून अधिक दंड ठोठावला. २०२५ मध्ये अपिलात तो सुमारे २१६ कोटींवर आला, परंतु प्रबळ स्थानाचा गैरवापर झाल्याचा ठपका पूर्णपणे पुसला गेला नाही.

१ मार्च २०२४ रोजी या फाटकाचे खरे स्वरूप दिसले. शुल्काच्या वादातून गूगलने विवाह जुळवणाऱ्या, नोकऱ्या सुचवणाऱ्या अनेक नामांकित भारतीय कंपन्यांची अॅप्स प्ले स्टोअरवरून काढून टाकली. केंद्र सरकारने हस्तक्षेप केल्यावर काही दिवसांत ती परत आली. देयके कोणाची बाकी होती, हा वाद क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ज्यांच्या दारी मंत्री मध्यस्थी करू शकतात, त्या बड्या कंपन्यांची ही गत. मग सांगलीत बसून मराठी शब्दकोशाचे अॅप करणाऱ्या एकट्या तरुणाने कोणाकडे दाद मागायची?

जुलै २०२५ मध्ये तर याहून गंभीर इशारा मिळाला. युरोपीय संघाने गुजरातेतील वाडीनार येथील तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीच्या सेवा तोडल्या. कर्मचाऱ्यांना स्वतःचा ई-मेल उघडता येईना. भारतीय भूमीवरील, भारतीय कायद्याने चालणाऱ्या उद्योगाचे दैनंदिन कामकाज परदेशातील निर्णयाने अडले. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावल्यावर काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. परंतु कळ कोणाच्या हातात आहे, हे सर्वांना कळून चुकले.

‘लहान माणूस टिकणार कसा?’

यावर व्यवहारी म्हणवणाऱ्या मंडळींचा एक ठरलेला आक्षेप असतो: हे काम मोठ्यांचेच आहे, एकटा-दुकटा माणूस यात टिकणार नाही. हा आक्षेप अज्ञानातून येतो. जगातील प्रत्येक स्मार्टफोनमध्ये माहिती साठवण्यासाठी एसक्यूलाइट नावाची प्रणाली वापरली जाते. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये ती सुरू केली. तिचा गाभा सांभाळणारी माणसे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, ती सर्वांना खुली आहे आणि २०५० पर्यंत तिची देखभाल करण्याचा संकल्प तिच्या कर्त्यांनी जाहीर केला आहे. बलाढ्य कंपनीचे ऑर्कुट दहा वर्षांत आटोपले, आणि मूठभर माणसे अर्धशतकाचा शब्द देतात. टिकाऊ कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

हॉलंडच्या ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये ‘विम’ हा संपादक प्रसिद्ध केला आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत ते त्याची निगा राखत राहिले. ज्यांना उपयोग झाला, त्यांनी युगांडातील गरजू मुलांसाठी मदत करावी, एवढेच त्यांचे मागणे. निष्काम कर्माची शिकवण ज्या भूमीत सांगितली गेली, तेथील संगणकतज्ज्ञांना या डच गृहस्थाकडून शिकण्यासारखे काही नाही काय?

अर्थात निष्काम कर्मावर दुसऱ्याने फुकट जगावे, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला, तेव्हा जगातील बँका आणि दुकाने हादरली. ज्या ओपनएसएसएल प्रणालीवर त्यांच्या व्यवहारांची गुप्तता अवलंबून होती, ती जेमतेम काही माणसे सांभाळत होती आणि तिला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर होत्या. अब्जावधींची उलाढाल ज्या खांबावर उभी, त्या खांबाला चुना लावायलाही कोणी पैसे देत नव्हते. लहान कारागीर टिकत नाही असे म्हणणाऱ्यांनी आधी सांगावे की, त्याला टिकवण्यासाठी त्यांनी काय केले?

घोषणा आणि आचार

येथे प्रश्न स्वदेशीचे नाव घेणाऱ्यांपर्यंत येऊन ठेपतो. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ चिनी अॅप्सवर बंदी घातली तेव्हा घरोघरी बहिष्काराच्या याद्या फिरल्या. त्या फिरल्या कशावरून? अमेरिकी व्हॉट्सअॅपवरून! चिनी वस्तू टाकली आणि अमेरिकी वस्तू हाती ठेवली, यात राष्ट्ररक्षणाचा भाग असेलही. स्वदेशीचा अंश त्यात किती?

दुसरा भ्रम असा की, परदेशी राक्षसाला देशी राक्षस हेच उत्तर. ट्विटरला पर्याय म्हणून २०२० मध्ये सुरू झालेले ‘कू’ मोठ्या गुंतवणुकीवर वाढले आणि जुलै २०२४ मध्ये बंद पडले. वापरणाऱ्यांच्या निष्ठेवर ते उभे नव्हते. गुंतवणूकदारांच्या पैशावर उभे होते. तो ओघ आटताच वेल सुकली. मालक मराठी असो वा गुजराती वा तमिळ, भाडेकरू भाडेकरूच राहतो.

खरे उत्तर महाराष्ट्रात यापूर्वीच शोधले गेले आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली आणि लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा, अशी ती साधी योजना. त्या पैशापैशातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. त्या काळच्या गरीब माणसाने एक पैसा दिला, तो काच स्वस्त मिळावी म्हणून नव्हे. काच करण्याची कला देशात यावी म्हणून. आज चारचाकीतून फिरणाऱ्या सुशिक्षित कुटुंबाला मराठी टंकलेखनाच्या, शुद्धलेखनाच्या वा पंचांगाच्या एखाद्या प्रणालीसाठी दोन-तीनशे रुपये देणे जिवावर येते, आणि तेच कुटुंब सहज म्हणून उपाहारगृहात त्याच्या दसपट खर्च करते. पैसा नाही असे कोणी म्हणू नये. आस्था नाही, हे मान्य करावे.

यंत्र काय शिकणार?

आता या प्रश्नाला आणखी एक धार आली आहे. मागितल्यासरशी लेख लिहून देणारी यंत्रे अवतरली आहेत आणि इंटरनेटवर यंत्रनिर्मित मजकुराचा पूर येत आहे. ही यंत्रे माणसांनी लिहिलेला मजकूर वाचूनच भाषा शिकतात. ज्या भाषेत माणसांनी खुल्या संकेतस्थळांवर भरपूर, निरनिराळे आणि जबाबदारीने लिहिले, ती भाषा यंत्राला चांगली येते. ज्या भाषेचा व्यवहार बंद गटांत, सकाळच्या शुभेच्छांत आणि ढकलसंदेशांत विरून गेला, तिच्या वाट्याला इंग्रजी वळणाचे, बेचव भाषांतर येते. उद्याच्या मुलाने यंत्राला विचारले की सावंतवाडीची लाकडी खेळणी कशी करतात, तर उत्तर कोठून येणार? ज्या कारागिराला ते ठाऊक आहे, त्याचे बोल कोणी मराठीत लिहून, त्याच्या नावानिशी, खुल्या जागी ठेवले असतील तरच ते येईल. माणसाने माणसासाठी लिहिलेले पान ही आता हौस उरलेली नाही. ती भाषेची बियाणेकोठी आहे.

ओसरीवरून घराकडे

म्हणून काय करावे, हे सांगणे अवघड नाही. करणे तेवढे बाकी आहे. ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम २०१४ पासून उपलब्ध आहे. प्रत्येक संस्थेने, वाचनालयाने, देवस्थानाने, पतपेढीने आणि लिहित्या माणसाने स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ घ्यावे. लेखन आधी तेथे ठेवावे आणि मग वाटल्यास फेसबुकवर त्याचा दुवा द्यावा. ते काम जवळच्याच लहान व्यावसायिकाला द्यावे आणि त्याचा मोबदला घासाघीस न करता चुकता करावा. मजकूर युनिकोडमध्येच असावा, म्हणजे फॉण्ट बदलला तरी अक्षरे बदलणार नाहीत. सर्व लेखनाची एक प्रत आपल्या घरी असावी. ज्या मराठी प्रणालीचा रोज उपयोग होतो, तिच्या कर्त्याला वर्षातून एकदा, दिवाळीच्या खर्चात धरून, काही रक्कम पाठवावी. आणि घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशी कंपनीच्या नोकरीऐवजी स्वतःचे छोटे काम उभे करू म्हणाली, तर तिला वेड्यात काढू नये.

यासाठी कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही, मोर्चाही लागत नाही. गणपत कृष्णाजींना यातले काहीच मिळाले नव्हते. त्यांनी दगड घासला, शाई केली आणि पंचांग छापले. लोकांनी ते पैसे देऊन विकत घेतले, म्हणून मराठी मुद्रण उभे राहिले. घडवणाऱ्याने आपले काम तेव्हाही केले आणि आजही तो करतो आहे. विकत घेणारा मराठी माणूस मात्र मधल्या काळात कोठे गेला, याचा शोध आता प्रत्येकाने स्वतःच्या घरातून सुरू करावा.